पायरीपायरीने मार्ग दाखवणारी साधने: स्प्रेडशीटमधील मॅक्रोच्या इतिहासाचा एक अभ्यास

सारांश

स्प्रेडशीटमध्ये मॅक्रोच्या साहाय्याने अशी साधने तयार करता येतात, की जी वापरणाऱ्याला एकेक प्रश्न विचारत संपूर्ण काम त्याच्याकडून पार पाडून घेतात. संगणकाच्या परिभाषेत त्यांना 'विझार्ड' असे म्हटले जाते. १९७९ मधील व्हिजिकॅल्कपासून २०२२ पर्यंत या साधनांची घडण कशी होत गेली आणि संगणकशास्त्राचे औपचारिक शिक्षण न घेतलेल्या व्यक्ती ती बनवण्यास कशा शिकल्या, याचा आढावा प्रस्तुत लेखात घेतला आहे. स्प्रेडशीटचे सामर्थ्य तिच्या उघडेपणात होते. मॅक्रोने काम जलद केले, परंतु ते नजरेआड नेले. उत्तम मार्गदर्शक साधन हा हरवलेला उघडेपणा परत आणते, असे या लेखाचे प्रतिपादन आहे.

बीजशब्द: स्प्रेडशीट, मॅक्रो, विझार्ड, व्हीबीए, ज्ञानाचे हस्तांतरण, मराठी संगणन

प्रस्तावना

महाविद्यालयीन कामकाजात काही कामे दरवर्षी ठरलेल्या वेळी येतात. अंतर्गत गुणांचे संकलन, उपस्थितीचा गोषवारा, शिष्यवृत्तीच्या याद्या, मूल्यांकनासाठी लागणारी विभागवार आकडेवारी ही त्यांतील नेहमीची उदाहरणे होत. पुष्कळ ठिकाणी या कामांसाठी कोणीतरी पूर्वी तयार करून ठेवलेली एक्सेलची फाइल असते आणि तिला 'सरांची फाइल' किंवा 'मॅडमची फाइल' असे नाव पडलेले असते. फाइलमध्ये एक बटण असते. ते दाबले की निकालपत्रक तयार होते. पुढे सर निवृत्त होतात, मॅडमची बदली होते. बटण मागे राहते, पण ते नेमके काय करते हे सांगणारे कोणी राहत नाही. एखाद्या वर्षी विषयांची संख्या बदलली किंवा तुकडी वाढली की त्या बटणावर विश्वास ठेवावा की सारे काम पुन्हा हाताने करावे, असा पेच उभा राहतो.

वरवर पाहता हा प्रश्न तांत्रिक वाटतो. वस्तुतः तो ज्ञानाच्या हस्तांतरणाचा प्रश्न आहे. एका माणसाला अवगत असलेली कामाची पद्धत दुसऱ्यापर्यंत कशी पोहोचावी, आणि ती पोहोचवण्याचे काम यंत्राकडे सोपवले तर पद्धतीचे काय होते, हा त्याचा गाभा आहे. म्हणून त्याचा विचार इतिहासाच्या अंगाने करणे अगत्याचे ठरते.

उद्दिष्टे व अभ्यासपद्धती

प्रस्तुत लेखाची तीन उद्दिष्टे आहेत. पहिले, स्प्रेडशीटमधील मॅक्रो आणि विझार्ड यांच्या विकासाचे टप्पे नोंदवणे. दुसरे, सामान्य वापरकर्ता अशी साधने बनवण्यास ज्या क्रमाने शिकतो त्या क्रमाचा या टप्प्यांशी असलेला संबंध तपासणे. तिसरे, मराठीतून अशी साधने बनवताना येणाऱ्या अडचणींचा विचार करणे. अभ्यासाची पद्धत ऐतिहासिक व वर्णनात्मक असून, जेथे आवश्यक वाटले तेथे प्रस्तुत लेखकाने स्वतःच्या विभागासाठी तयार केलेल्या साधनाचा अनुभव आधारास घेतला आहे.

उघडा तक्ता

'स्प्रेडशीट' हा शब्द संगणकापेक्षा जुना आहे. हिशेबनिसांच्या व्यवहारात समोरासमोरच्या दोन पानांवर पसरलेल्या, ओळी आणि रकाने आखलेल्या मोठ्या कागदाला तो वापरला जात असे. १९७८ मध्ये हार्वर्ड बिझनेस स्कूलचे विद्यार्थी असलेल्या डॅन ब्रिकलिन यांच्या मनात हा कागद संगणकाच्या पडद्यावर आणण्याची कल्पना आली. फळ्यावरील तक्त्यात एक आकडा बदलला की त्यावर अवलंबून असलेले सर्व आकडे पुसून पुन्हा मांडावे लागत. हे श्रम यंत्राने वाचवावेत हा त्यांचा हेतू होता. बॉब फ्रँकस्टन यांनी आज्ञावली लिहिली आणि १९७९ मध्ये ॲपल-टू या संगणकासाठी व्हिजिकॅल्क बाजारात आले. त्यात २५४ ओळी आणि ६३ स्तंभ होते.

व्हिजिकॅल्कचे महत्त्व केवळ गतीत नव्हते. प्रत्येक चौकटीत एक आकडा दिसे आणि त्या चौकटीवर गेले की तो आकडा कोणत्या सूत्रातून आला हेही दिसे. आपल्याकडील कीर्द-खतावणीत ज्याप्रमाणे खात्यावरची रक्कम कीर्दीच्या कोणत्या पानावरून आली हे नोंदलेले असते, त्याप्रमाणे येथे उत्तराची वाट उत्तरासोबत राहत होती. वाचणारा ती तपासू शकत होता आणि तपासता तपासता शिकूही शकत होता. संगणकाची भाषा न जाणणारी माणसे स्प्रेडशीट वापरू लागली, त्यामागे हे एक प्रमुख कारण होते.

मात्र मूळ व्हिजिकॅल्कमध्ये मॅक्रोची सोय नव्हती. आकड्यांची पुनर्गणना आपोआप होई, परंतु तक्ता आखणे, मजकूर हलवणे, छपाई करणे या कृती दरवेळी हातानेच कराव्या लागत. गणित यंत्राकडे गेले होते, कृती अद्याप माणसाकडे होती.

कळांची नोंद: लोटस १-२-३

मिच केपोर आणि जोनाथन सॅक्स यांचे लोटस १-२-३ जानेवारी १९८३ मध्ये आयबीएम पीसीसाठी प्रसिद्ध झाले आणि पहिल्याच वर्षी कंपनीची विक्री सुमारे ५ कोटी ३० लाख डॉलरपर्यंत पोहोचली. प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने लोटसचे महत्त्व मॅक्रोमुळे आहे. लोटसमधील मॅक्रो म्हणजे ज्या कळा आपण हाताने दाबल्या असत्या त्यांची चौकटींत लिहून ठेवलेली यादी होय. त्या यादीला एका अक्षराचे नाव द्यायचे आणि 'ऑल्ट' कळेसोबत ते अक्षर दाबायचे, की यंत्र त्या कळा एकामागून एक दाबल्याप्रमाणे वागत असे.

या यादीत लवकरच निर्णयाच्या आज्ञा मिसळल्या. अट पूर्ण झाली तर अमुक करा, अन्यथा दुसऱ्या चौकटीकडे जा, वापरणाऱ्याकडून एक संख्या विचारून घ्या, अशा आज्ञा त्यात देता येत. १९८५ च्या दुसऱ्या आवृत्तीत महिरपी कंसांत लिहायच्या सविस्तर आज्ञा आल्या. येथेच कळांची नकल संपून आज्ञावलीला सुरुवात झाली, असे म्हणता येईल.

लोटसच्या मॅक्रोमधील एक सोय या लेखाच्या दृष्टीने विशेष लक्षात घेण्याजोगी आहे. ती म्हणजे वापरणाऱ्यासाठी स्वतःचा मेनू तयार करण्याची सोय. त्यासाठी तक्त्याच्या एका ओळीत पर्यायांची नावे लिहायची, त्याखालच्या ओळीत प्रत्येक पर्यायाचे एका वाक्यातील स्पष्टीकरण लिहायचे आणि त्याखाली प्रत्यक्ष आज्ञा लिहायच्या. एका मेनूत जास्तीत जास्त आठ पर्याय देता येत. वापरणारा एकेका पर्यायावर सरकला की त्याचे स्पष्टीकरण पडद्याच्या वरच्या भागात उमटत असे. पर्याय, त्याचा अर्थ आणि त्याची कृती या तिन्ही गोष्टी त्याच तक्त्यात, एकाखाली एक, कोणालाही वाचता येतील अशा मांडलेल्या असत. पायरीपायरीच्या मार्गदर्शनाचे हे आरंभीचे रूप होते आणि ते पूर्णपणे उघडे होते.

अर्थात या उघडेपणाला एक धोका चिकटलेला होता. मॅक्रो त्याच तक्त्यात असल्यामुळे कोणी अनवधानाने एखादी ओळ काढून टाकली की मॅक्रोचीही एक आज्ञा त्यासोबत जात असे. म्हणून अनुभवी माणसे मॅक्रो तक्त्याच्या दूरच्या कोपऱ्यात लिहून ठेवत.

मॅक्रो-शीटपासून व्हीबीएपर्यंत

मायक्रोसॉफ्टचे एक्सेल १९८५ मध्ये प्रथम मॅकिन्टॉश संगणकासाठी आणि १९८७ मध्ये विंडोजसाठी आले. एक्सेलने मॅक्रोसाठी स्वतंत्र मॅक्रो-शीट दिली. त्यातील आज्ञा सूत्रांच्या रूपात एका स्तंभात वरून खाली लिहिल्या जात. तक्त्यावरील अपघातांपासून मॅक्रोचे संरक्षण झाले, पण त्याच वेळी तो तक्त्यापासून एक पाऊल दूर गेला.

पुढचे मोठे स्थित्यंतर १९९३ मध्ये एक्सेलच्या पाचव्या आवृत्तीने घडवले. त्यात 'व्हिज्युअल बेसिक फॉर ॲप्लिकेशन्स' म्हणजे व्हीबीए ही भाषा आली. हिचे मूळ बेसिक या भाषेत आहे. बेसिक ही जॉन केमेनी आणि थॉमस कर्ट्झ यांनी १९६४ मध्ये अमेरिकेतील डार्टमथ कॉलेजात तयार केली. विज्ञान आणि गणित यांखेरीज इतर विषय शिकणाऱ्या विद्यार्थ्यांनाही संगणक वापरता यावा, हा त्यांचा उद्देश होता. महाविद्यालयीन शिक्षकांनी विद्यार्थ्यांसाठी तयार केलेली भाषा तीस वर्षांनी जगभरच्या कार्यालयांतील तक्त्यांची भाषा झाली, ही गोष्ट आपणा अध्यापकांनी लक्षात ठेवण्याजोगी आहे.

पाचव्या आवृत्तीत आज्ञावलीचे पान वर्कबुकमध्येच इतर पानांशेजारी दिसत असे. एक्सेल ९७ मध्ये ते 'ऑल्ट' आणि 'एफ-११' या कळा दाबल्यावर उघडणाऱ्या स्वतंत्र खिडकीत गेले. त्याच आवृत्तीत 'यूजरफॉर्म' आला. मजकुराच्या चौकटी, पर्यायांची वर्तुळे, बटणे मांडून स्वतःची खिडकी तयार करण्याची सोय त्यामुळे सामान्य वापरकर्त्याच्या हाती आली. वापरणाऱ्याच्या दृष्टीने हे सुखाचे होते. परंतु कृती आता तक्त्यावरून पूर्णपणे उठून पडद्यामागे गेली. आकड्याचे सूत्र चौकटीत दिसत राहिले, मात्र मॅक्रोने लिहिलेला आकडा कोठून आला हे चौकट सांगू शकत नव्हती. त्या चौकटीत केवळ संख्या उरली.

विझार्ड ही कल्पना

दरम्यान पायरीपायरीने विचारणाऱ्या खिडक्यांना एक नाव मिळाले होते. १९९१ मध्ये आलेल्या मायक्रोसॉफ्ट पब्लिशरमधील 'पेजविझार्ड' या सोयीपासून हे नाव रूढ झाले. १९९२ च्या एक्सेलच्या चौथ्या आवृत्तीत आलेख काढून देणारा चार्टविझार्ड होता. त्याच वर्षीच्या ॲक्सेस या माहितीसाठा-प्रणालीतही विझार्ड होते. एक्सेल ९७ ते २००३ या आवृत्त्यांतील चार्टविझार्ड चार पायऱ्यांचा होता: आलेखाचा प्रकार, आकडे कोठून घ्यायचे, शीर्षके व अक्ष, आणि आलेख कोठे ठेवायचा. या काळात एक्सेल शिकलेल्या आपल्या पिढीतील अनेकांना आलेखाची ही चार अंगे त्या खिडकीने शिकवली. २००१ मध्ये स्थापन झालेल्या महाराष्ट्र नॉलेज कॉर्पोरेशनच्या एमएस-सीआयटी अभ्यासक्रमातून एक्सेलची ओळख महाराष्ट्रात तालुक्यांच्या गावांपर्यंत गेली, तेव्हा त्या विद्यार्थ्यांसमोरही ह्याच खिडक्या होत्या.

विझार्डचे व्याकरण साधे होते. एका वेळी एक प्रश्न, 'मागे' आणि 'पुढे' ही बटणे, कोणत्याही क्षणी काम सोडून देण्याची मोकळीक आणि अखेरीस 'पूर्ण' हे बटण. वापरणाऱ्याला संपूर्ण काम ठाऊक असण्याची गरज नव्हती. समोरच्या प्रश्नाचे उत्तर ठाऊक असले की पुरे होते.

याच काळातील एक फसलेला प्रयोगही नोंदवला पाहिजे. ऑफिस ९७ मध्ये पडद्यावर डोळे मिचकावणाऱ्या कागदी टाचणीच्या रूपातील सहायक होता. न विचारता मध्येच येऊन सल्ला देण्याच्या त्याच्या सवयीमुळे तो अप्रिय ठरला. २००१ च्या ऑफिस एक्सपीमध्ये तो आपोआप दिसेनासा करण्यात आला आणि ऑफिस २००७ मधून वगळला गेला. विझार्डला आपण बोलावतो, हा सहायक स्वतःहून येत असे. मार्गदर्शनाची वेळ शिकणाऱ्याने ठरवायची असते, हा धडा वर्गात शिकवणाऱ्यांना नवा नाही. ऑफिस २००७ मध्ये चार्टविझार्डही काढून टाकला गेला आणि त्याची जागा वरच्या पट्टीवरील बटणांनी घेतली. आलेख अधिक झटपट निघू लागला, पण त्याच्या चार अंगांची क्रमवार ओळख करून देणारी ती खिडकी गेली.

शिकण्याची वाट

विझार्ड बनवायला शिकणारा सामान्य वापरकर्ता थोड्याफार फरकाने हाच इतिहास पुन्हा जगतो, असे प्रस्तुत लेखकाचे निरीक्षण आहे.

पहिली पायरी कृतींच्या नोंदीची. एक्सेलमधील मॅक्रो-रेकॉर्डर चालू करून आपण हाताने काम करतो आणि यंत्र ते व्हीबीएच्या भाषेत लिहून घेते. शिक्षकाविना भाषा शिकण्याचे हे उत्तम साधन आहे, कारण कृती आपली आणि वाक्य यंत्राचे, असे दोन्ही शेजारी ठेवून वाचता येते. परंतु रेकॉर्डर केलेली कृती लिहून घेतो, तिच्यामागील हेतू लिहून घेत नाही. ६० विद्यार्थ्यांची यादी दुसऱ्या ओळीपासून एकसष्टाव्या ओळीपर्यंत निवडून क्रम लावला, तर तो नेमका तोच पत्ता नोंदवतो. पुढील वर्षी ७२ विद्यार्थी आले की शेवटचे १२ त्या क्रमाबाहेर राहतात आणि यंत्र कोणतीही तक्रार करत नाही.

दुसरी पायरी नोंदवलेली आज्ञावली वाचून दुरुस्त करण्याची. ठरावीक पत्त्याऐवजी शेवटची भरलेली ओळ शोधायची, ही बहुधा प्रत्येक शिकणाऱ्याची पहिली खरी दुरुस्ती असते. तिसरी पायरी विचारण्याची: विषयाचा संकेतांक कोणता, कमाल गुण किती, असे प्रश्न एका लहान खिडकीतून विचारले जातात. प्रश्न वाढले की एकामागून एक उघडणाऱ्या खिडक्या त्रासदायक होतात, मागे जाता येत नाही, आणि तेव्हा फॉर्मची गरज जाणवते. चौथ्या पायरीवर 'मल्टिपेज' या घटकाची ओळख होते. एकाच फॉर्मवर अनेक पाने, त्यांच्या वरच्या पट्ट्या लपवलेल्या, आणि 'पुढे' दाबले की पानाचा क्रमांक एकाने वाढवायचा, इतकीच ही युक्ती आहे. जॉन वॉकेनबाख यांच्या एक्सेल प्रोग्रॅमिंगवरील पुस्तकांतून ती अनेकांनी उचलली. पहिल्या पानावर 'मागे' बंद ठेवायचे, पानावरचे उत्तर योग्य असल्याखेरीज 'पुढे' उघडायचे नाही आणि शेवटच्या पानावरच 'पूर्ण' दाखवायचे, हे नियम त्यापाठोपाठ येतात.

या क्रमात बाहेरून न दिसणारी एक महत्त्वाची पायरी आहे. एक्सेलमध्ये हाताने केलेली कृती मागे घेता येते, परंतु मॅक्रोने तक्त्यात केलेले बदल नेहमीच्या 'अन्डू'ने मागे घेता येत नाहीत. म्हणून चांगला विझार्ड मधल्या पायऱ्यांवर तक्त्याला हात लावत नाही. तो सर्व उत्तरे गोळा करतो आणि 'पूर्ण' दाबल्यानंतरच लिहितो. 'कॅन्सल' या बटणाने दिलेले वचन तेव्हाच खरे ठरते.

प्रस्तुत लेखकाला हे उशिरा उमगले. विभागासाठी केलेल्या पहिल्या साधनात गुणांच्या रकान्यातील मजकुराचे संख्येत रूपांतर करण्यासाठी व्हीबीएमधील 'व्हॅल' हे फलन वापरले होते. अनुपस्थित विद्यार्थ्यांपुढे 'एबी' अशी रोमन अक्षरे लिहिण्याची प्रथा होती. 'व्हॅल' अक्षरांचे मूल्य शून्य देते. परिणामी अनुपस्थित विद्यार्थ्यांना शून्य गुण पडले. विभागाच्या नियमाप्रमाणे अनुपस्थितांना फेरचाचणी होती, शून्य मिळवणाऱ्यांना नव्हती. आजारपणामुळे चाचणी न दिलेली एक विद्यार्थिनी फेरचाचणीच्या यादीत आपले नाव का नाही, असे विचारण्यास आली तेव्हा चूक ध्यानात आली. ती आली नसती तर ते शून्य तसेच पुढे गेले असते. यंत्राने चूक केली नव्हती. शून्य आणि अनुपस्थिती यांतील भेद त्याला सांगण्याचे काम करणाऱ्याचे होते, आणि ते राहून गेले होते.

दुरुस्ती करताना 'पूर्ण'च्या अगोदर एक पान वाढवले. त्यावर एकूण विद्यार्थी, गुण असलेले, अनुपस्थित आणि रिकाम्या नोंदी अशा चार संख्या दिसतात. भरणाऱ्याने त्या हजेरीपटाशी ताडून पाहाव्यात, मग पुढे जावे. या पानासाठी फारशी आज्ञावली लागली नाही. परंतु साधनाने काय समजून घेतले आहे हे माणसाला दाखवणारे तेच एकमेव पान आहे.

मराठीचा प्रश्न

मराठीतून असे साधन करू पाहणाऱ्यासमोर आणखी एक अडचण येते. दीर्घकाळ आपल्याकडे मराठी मजकूर विशिष्ट फॉन्टच्या आधारे लिहिला जाई. पडद्यावर देवनागरी दिसे, परंतु आत रोमन लिपीचे संकेत साठवलेले असत. अशा यादीचा अकारविल्हे क्रम लावला की तो मराठी वर्णमालेऐवजी त्या संकेतांप्रमाणे लागे, आणि तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर नावांऐवजी निरर्थक चिन्हे दिसत. विंडोज २००० पासून देवनागरी युनिकोडला आधार मिळाला आणि तक्त्यातील मराठीचा प्रश्न बव्हंशी सुटला.

आज्ञावलीतील प्रश्न मात्र राहिला. व्हीबीएची लेखन-खिडकी युनिकोडपूर्व संकेतपद्धतीवर बेतलेली असल्याने त्यात देवनागरी अक्षरे लिहिली की सामान्यतः प्रश्नचिन्हे उमटतात. संदेश दाखवणाऱ्या नेहमीच्या खिडकीचेही तसेच होते. यातून निघालेली वाट अशी: सर्व प्रश्न, सूचना आणि चुकीचे संदेश एका वेगळ्या पानावर चौकटींत मराठीत लिहायचे आणि फॉर्मवरील लेबलांनी ते तेथून वाचायचे. चौकटी आणि फॉर्मवरील लेबले दोन्ही युनिकोड दाखवू शकतात, त्यामुळे हा उपाय चालतो.

नाइलाजाने पत्करलेल्या या उपायाचा लाभ नंतर लक्षात आला. प्रश्नांचे ते पान म्हणजे कामाच्या पद्धतीचे मराठीतील लिखित रूप झाले. कोणता प्रश्न कोणत्या क्रमाने आणि का विचारला जातो, हे आज्ञावली न उघडता कोणीही वाचू शकतो. कार्यालयातील लिपिकाला एखादी सूचना संदिग्ध वाटली तर ती तो स्वतः सुधारू शकतो. पर्याय आणि त्यांचे स्पष्टीकरण तक्त्याच्या ओळींत लिहिणाऱ्या लोटसच्या मेनूशी याचे साम्य उघड आहे.

चुका, सुरक्षा आणि विश्वास

मॅक्रो नजरेआड गेल्याची किंमत सुरक्षेच्या क्षेत्रातही मोजावी लागली. १९९५ मध्ये वर्डमधील 'कन्सेप्ट', १९९६ मध्ये एक्सेलमधील 'लारू' आणि १९९९ मध्ये ई-मेलद्वारे पसरलेला 'मेलिसा' या मॅक्रो-विषाणूंनी फाइलमधील अदृश्य आज्ञावलीविषयी धास्ती निर्माण केली. एक्सेल २००७ पासून मॅक्रो असलेल्या वर्कबुकला वेगळे विस्तारनाम मिळाले. २०२२ मध्ये मायक्रोसॉफ्टने इंटरनेटवरून आलेल्या फाइलींतील व्हीबीए मॅक्रो मूलतः बंद ठेवण्याचे धोरण अमलात आणले. त्यामुळे ई-मेलने आलेली 'सरांची फाइल' उघडली तरी तिचे बटण चालत नाही, असा अनुभव येतो. ती चालू करण्यापूर्वी ती कोणी केली आणि ती काय करते हे विचारावे लागते. खरे तर हा प्रश्न पूर्वीच विचारला जायला हवा होता.

दुसरीकडे, मॅक्रो नसतानाही तक्ते चुकतात, हेही ध्यानात घेतले पाहिजे. कारमेन राइनहार्ट आणि केनेथ रोगॉफ यांच्या सार्वजनिक कर्ज व आर्थिक वाढ यांवरील २०१० च्या प्रसिद्ध निबंधातील एका सरासरीच्या सूत्रात २० पैकी ५ देश निवडीबाहेर राहिले होते. २०१३ मध्ये मॅसॅच्युसेट्स विद्यापीठातील थॉमस हर्नडन या विद्यार्थ्याने मूळ तक्ता मागवून पाहिला तेव्हा इतर आक्षेपांसोबत ही चूकही उजेडात आली. सूत्र चौकटीत उघडे होते, म्हणून ते कोणालातरी सापडू शकले. याउलट २०२० मध्ये इंग्लंडच्या सार्वजनिक आरोग्य यंत्रणेत कोविडच्या १५,८४१ रुग्णांच्या नोंदी दैनिक आकड्यांतून सुटल्या. माहिती आपोआप एकत्र करणाऱ्या प्रक्रियेत जुन्या स्वरूपाची एक्सेल फाइल वापरली गेली होती आणि तिची मर्यादा ६५,५३६ ओळींची होती. मर्यादेबाहेरच्या ओळी मुकाट्याने गळाल्या आणि त्यांच्या संपर्कातील लोकांचा शोध लांबला. किती नोंदी आल्या आणि किती लिहिल्या गेल्या, या दोन संख्या शेजारी दाखवणारी एक पायरी वाटेत असती, तर तूट लगेच दिसली असती.

मानववंशशास्त्रज्ञ बॉनी नार्डी आणि जेम्स मिलर यांनी १९९० च्या सुमारास केलेल्या अभ्यासात स्प्रेडशीट ही एकट्याने करायची वस्तू नसून कमी-अधिक जाण असलेली माणसे ती मिळून घडवतात, असे दाखवले होते. आपल्या विभागांतही हेच चित्र दिसते. कोणाला नियम ठाऊक असतात, कोणाला सूत्रे, कोणाला मॅक्रो. विझार्ड ही या सर्वांच्या जाणिवेची गाठ असते. ती एकाच्याच हाती राहिली की तो माणूस गेल्यावर ती सुटत नाही.

निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात. स्प्रेडशीटच्या इतिहासात प्रथम गणित, मग कळांची कृती आणि शेवटी निर्णय, या क्रमाने काम यंत्राकडे गेले आणि प्रत्येक टप्प्यावर ते थोडे अधिक नजरेआड झाले. विझार्ड बनवायला शिकणारा वापरकर्ताही नोंद, वाचन, प्रश्न आणि पडताळणी याच वाटेने जातो. त्यांतील पडताळणीची पायरी सर्वांत उशिरा आणि बहुधा चुकीतून शिकली जाते. मराठीच्या तांत्रिक अडचणीतून आलेली प्रश्न तक्त्यात लिहिण्याची रीत ही केवळ पळवाट नसून ती पद्धत खुली ठेवण्याचा मार्ग आहे.

यावरून आपल्या महाविद्यालयांपुरती एक सूचना करावीशी वाटते. कोणतेही मार्गदर्शक साधन विभागात वापरास देताना त्यासोबत प्रश्नांचे मराठी पान आणि तेच काम बटणाविना हाताने कसे करावे याच्या पायऱ्या असाव्यात. वर्षातून एकदा, साधन न बनवलेल्या सहकाऱ्याने दहा विद्यार्थ्यांचे काम त्या पायऱ्यांनी हाताने करून पाहावे आणि यंत्राच्या उत्तराशी ताडावे. दोन्ही जुळली तर त्या बटणावर विसंबता येईल. न जुळल्यास चूक कोठे आहे हे शोधता येईल इतकी वाट तरी उघडी राहील, आणि नाव का नाही हे विचारण्यासाठी एखाद्या विद्यार्थिनीला आपल्या दाराशी यावे लागणार नाही.